तीन वाजताची परेड किती वाजता असते?

डिस्नीच्या पार्कात नोकरी केलेल्या कुणालाही विचारा की पाहुण्यांचा सगळ्यात नेहमीचा प्रश्न कोणता. हमखास उत्तर येतं : "तीन वाजताची परेड किती वाजता असते?" ऐकणाऱ्याला हसू फुटतं, कारण वेळ प्रश्नातच आहे. पण नव्या भरतीला शिकवताना तिथे हाच प्रश्न उदाहरणाला घेतात. विचारणारी बाई काही खुळी नाही. कडेवर पेंगुळलेलं पोर, खांद्यावर दोन पिशव्या, डोक्यावर ऊन. परेड या कोपऱ्यावर कधी पोचेल, सावली कुठे मिळेल आणि तेवढ्यात बाथरूमला जाऊन येणं जमेल का, हे सगळं तिला त्या एका वाक्यात विचारायचं असतं. "तीन वाजता" हे उत्तर बरोबर आहे, पण तिच्या काही कामाचं नाही. "इथे यायला तीन-वीस होतील, तुम्ही त्या झाडाखाली थांबा, तिथून बाळाला नीट दिसेल," असं सांगणारा माणूस मात्र तिला पुढे कित्येक वर्षं आठवत राहतो.

हा माणूस पुष्कळदा झाडूवाला असतो. राईडवरचा कर्मचारी आपली जागा सोडू शकत नाही, दुकानातला गल्ल्याला बांधलेला. हातात झाडू आणि लांब दांड्याची केरभरणी घेऊन गर्दीत फिरणारा एकटा सफाईवालाच काय तो मोकळा दिसतो, म्हणून सगळे त्यालाच गाठतात. त्यामुळे डिस्नीच्या सफाई कामगारांना केर कसा काढायचा याच्या बरोबरीने परेडच्या वेळा, जवळची स्वच्छतागृहं, कुठे काय खायला मिळतं हेही पाठ करावं लागतं. टोकियोच्या डिस्नीलँडमधले सफाई कर्मचारी ओल्या झाडूने फरशीवर मिकी माऊसची चित्रं काढतात. उन्हात दोन-चार मिनिटांत चित्र वाळून जातं. पण ती दोन मिनिटं पोरं त्याच्याभोवती कोंडाळं करून उभी असतात आणि त्यांच्यामागे आईबाप मोबाईल उंच धरून.

आता खरा प्रश्न. माणसं एवढा खर्च करून जातात ती कोट्यवधी डॉलरच्या राईडसाठी. मग परत आल्यावर सांगताना "तो झाडूवाला काय चांगला होता" हे का सांगत बसतात?

याची दोन उत्तरं आपल्याकडे तयार असतात. पहिलं, नशीब चांगलं, माणूस चांगला भेटला. दुसरं जरा कडवट : पगारी हसू आहे ते, सगळं शिकवलेलं नाटक. मला दोन्ही अपुरी वाटतात. नुसत्या चांगुलपणावर रोज हजारो पाहुण्यांचा गाडा चालत नाही, आणि पाठ केलेलं हसू कुणी वीस वर्षं लक्षात ठेवत नाही. लक्षात राहतं ते समोरच्या माणसाने त्या क्षणी आपल्या मनाने काहीतरी ठरवलं, ते. आणि त्याला तसं ठरवता यावं यासाठी कुणीतरी आधीच मोकळीक देऊन ठेवलेली असते.

हे माझं केवळ मत नाही. १९९० साली मेरी जो बिटनर या अभ्यासक बाई आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक साधं काम केलं. विमान, हॉटेल आणि रेस्टॉरंट यांच्या गिऱ्हाइकांना त्यांनी विचारलं की कर्मचाऱ्याशी आलेला फार चांगला किंवा फार वाईट प्रसंग सांगा. असे सुमारे ७०० प्रसंग जमले. मग ते निवडून ढीग केले, जसे आपण धान्य पाखडून वेगळं करतो. चांगल्या आठवणींतला सगळ्यात मोठा ढीग, सुमारे ४४ टक्के, अशा प्रसंगांचा निघाला जिथे गिऱ्हाइकाने काही मागितलंच नव्हतं आणि कर्मचाऱ्याने आपणहून काहीतरी केलं होतं. त्याहून गंमत म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा चांगल्या आठवणींची सुरुवातच गोंधळाने झाली होती. खोली मिळाली नाही, जेवण गार आलं, विमानाला उशीर झाला, आणि मग कुणीतरी ते निस्तरलं. म्हणजे चूक झाली की आठवण वाईटच होते असं नाही. चूक झाल्यावर समोरचा माणूस काय करतो यावर सगळं ठरतं. या अभ्यासात पार्क नव्हते, पण पार्कातल्या आठवणी ऐकल्या की त्याही याच ढिगांत पडताना दिसतात.

पॉपकॉर्नचं उदाहरण घ्या. सहा वर्षांच्या मुलाने अर्ध्या तासाच्या रांगेनंतर मिळालेला डबा हातातून सोडला. पॉपकॉर्न रस्ताभर. मुलाचा ओठ थरथरतोय, बाप "तरी सांगत होतो, नीट धर" म्हणायच्या बेतात आहे. एवढ्यात गाडीवरची मुलगी नवा डबा भरून पुढे करते, पैसे घेत नाही. झाडूवाला येऊन रस्ता साफ करून निघूनही जातो. बापाचं वाक्य तोंडातच राहतं.

या प्रसंगात पॉपकॉर्नची किंमत नगण्य आहे. महत्त्वाचं हे की त्या मुलीला कुणाला विचारावं लागलं नाही. "थांबा हं, साहेबांना विचारून येते" असं म्हणून ती गेली असती आणि दहा मिनिटांनी परवानगी घेऊन आली असती, तर डबा तोच मिळाला असता, पण पोर रडून झालं असतं आणि बापाचा पारा चढलेला असता. डिस्नीच्या पार्कांत अशी सांडलवंड, फुटलेला फुगा, पडलेलं आईस्क्रीम जागच्या जागी भरून देण्याची मुभा साध्या कर्मचाऱ्याला असते. रिट्झ-कार्लटन हॉटेलांत हीच मुभा फार पुढे गेली आहे : पाहुण्याची अडचण सोडवायला कुठलाही कर्मचारी वरिष्ठांना न विचारता २,००० डॉलरपर्यंत खर्च करू शकतो. प्रत्यक्षात एवढी रक्कम लागण्याची वेळ फार क्वचित येते. पण तेवढा विश्वास आपल्यावर टाकलाय हे माहीत असलेला माणूस दोन डॉलरचा निर्णय घेताना घाबरत नाही. आपल्याकडे सुट्टे पैसे नाहीत म्हणून दोन रुपये सोडायचे तरी काउंटरवरचा मुलगा आत बघतो, त्याचं कारण त्याचा स्वभाव नसतो.

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात सांताक्लॉज नावाच्या गावात हॉलिडे वर्ल्ड हे एका कुटुंबाचं पार्क आहे. २००० सालापासून तिथे थंड पेयं फुकट आहेत, उन्हाचं मलमही फुकट. तिथल्या पोराचा पेला सांडला तर कुणाला निर्णयच घ्यावा लागत नाही. परवानगीचा प्रश्न त्यांनी मुळातूनच काढून टाकला. मला ही युक्ती फार आवडते.

पण नुसती मुभा देऊन भागत नाही. दोन चांगल्या गोष्टींत ओढाताण झाली की आधी कुठली, हेही आधीच ठरलेलं लागतं. डिस्नीलँड १९५५ साली कॅलिफोर्नियातल्या अनाहाइममध्ये सुरू झालं, तेव्हा व्हॅन फ्रान्स नावाच्या गृहस्थांकडे नव्या लोकांना शिकवण्याचं काम होतं. पुढे १९६० च्या दशकात तिथे चार गोष्टींचा क्रम पक्का झाला. मराठीत सांगायचं तर सुरक्षा, अगत्य, देखावा, उरक. (अलीकडे त्यात 'सर्वांना सामावून घेणं' ही पाचवीही आली.) यात क्रमाला महत्त्व आहे. उरक, म्हणजे रांग भराभर हलवणं, शेवटी. रांगेत तीनशे माणसं असली आणि व्हीलचेअरवरच्या आजींना चढायला वेळ लागत असला तर रांग थांबते, आजींना घाई होत नाही. आणि सुरक्षा सगळ्यात वर, अगत्याच्याही वर.

त्यामुळे अगत्याची खरी परीक्षा 'नाही' म्हणताना होते. टोकियोतल्या बिग थंडर माउंटन या राईडला किमान १०२ सेंटीमीटर उंची लागते. ९९ सेंटीमीटरचं पोर टाचा उंचावून, छाती फुगवून, केसांचा तुरा वर काढून काठीखाली उभं राहतं. इथे कर्मचाऱ्याला सूट द्यायचा काही अधिकार नाही, आणि नसावाच. त्याच्या हातात उरतं ते एवढंच की नाही कसं म्हणायचं. डिस्नीत शिकवतात की मुलाशी बोलताना गुडघ्यावर बसा, डोळे त्याच्या पातळीवर आणा. दिशा दाखवताना एक बोट रोखायचं नाही, दोन बोटं किंवा सबंध तळहात वापरायचा. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण वरून खाली बघत "हाईट कमी आहे, बाजूला व्हा" म्हणणं आणि खाली बसून "तीन बोटं राहिली रे, पुढच्या वेळी मीच तुला बसवतो" म्हणणं, यात नियम तोच आहे. शिवाय तिथे आईबापांसाठी एक सोय असते : एकजण मुलाजवळ थांबतो, दुसरा राईड करून येतो, मग पहिल्याला पुन्हा अख्खी रांग लावावी लागत नाही. रांगेच्या तोंडाशी नवरा-बायकोत जे भांडण होणार असतं ते या सोयीने वाचतं, असा माझा अंदाज आहे.

हरवलेल्या मुलांचंही तसंच. आपल्याकडे जत्रेत कर्णा लागतो : "निळी चड्डी, पिवळा शर्ट घातलेला मुलगा पोलीस चौकीजवळ रडत आहे." टोकियो डिस्नीलँडमध्ये अशी घोषणा करत नाहीत. सगळ्या पार्कभर कर्णा वाजला की सगळ्यांचंच स्वप्न मोडतं म्हणून. तिथे कर्मचारीच आपापसांत निरोप पोचवून पालकांना शोधतात. आणि डिस्नीच्या लोकांत एक जुनी रीत आहे : मूल कधी हरवत नाही, आईबाप हरवतात. "तुझे आईबाबा हरवलेत वाटतं, चल, आपण शोधू या त्यांना," असं म्हटलं की रडणारं पोर एकदम कामाला लागतं.

या सगळ्या व्यवस्थेची सर्वांत मोठी परीक्षा झाली ११ मार्च २०११ ला. दुपारी पावणेतीनच्या सुमाराला जपानमध्ये ९ तीव्रतेचा भूकंप झाला. टोकियो डिस्नीलँड आणि शेजारचं डिस्नीसी ही दोन्ही पार्कं समुद्रात भर घालून केलेल्या जमिनीवर आहेत. त्या वेळी दोन्हीकडे मिळून सुमारे ७०,००० पाहुणे होते. त्यांना सांभाळणारे कर्मचारी बहुतेक सगळे अर्धवेळ काम करणारे, त्यात कॉलेजची मुलं-मुली भरपूर.

जमीन हलायला लागल्यावर दुकानांतल्या मुलांनी काय केलं? शेल्फवर विकायला ठेवलेली कापसाची मऊ अस्वलं आणि बाहुल्या काढल्या आणि पाहुण्यांना वाटल्या : "हे डोक्यावर धरा, खाली बसा." विकायचा माल होता तो. कुणी बिल केलं नाही, कुणी वर फोन लावला नाही. संध्याकाळी थंडी पडली. गाड्या बंद, घरी जायचा मार्ग नाही. तेव्हा दुकानातला खाऊ वाटला गेला. अंगाला गुंडाळायला भेटवस्तूंच्या प्लास्टिक पिशव्या दिल्या गेल्या, अंथरायला पुठ्ठे. एरवी त्या पार्कात पुठ्ठ्याचं खोकं पाहुण्याच्या नजरेला पडू देत नाहीत. डिस्नीसीमधल्या लोकांना निवाऱ्याला न्यायचं होतं तेव्हा कर्मचाऱ्यांचा पडद्यामागचा रस्ता उघडला, जो पाहुण्यांना कधीच दाखवायचा नाही असा दंडक. सुमारे २०,००० माणसांनी ती रात्र तिथे काढली.

आता क्रम पुन्हा आठवा. सुरक्षा, अगत्य, देखावा, उरक. पुठ्ठा दिसला, मागचा रस्ता दिसला, म्हणजे देखावा मोडला. पण तो तिसऱ्या नंबरवर होता. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीला त्या धावपळीत 'बाहुल्या वाटू का नको' याचा विचार करत बसावं लागलं नाही, कारण त्या प्रश्नाचं उत्तर तिला नोकरीच्या पहिल्याच दिवसांत मिळालेलं होतं. शिवाय तिथे भूकंपाचे सराव वर्षभर चालू असतात. त्यात सगळे जण गृहीत धरतात की पार्क भरलेलं आहे. अस्वल डोक्यावर धरा, ही कल्पना मात्र कुठल्या पुस्तकात नसावी. ती त्या मुलांची.

स्मरणाच्या बाजूनेही हे थोडं समजून घेऊ. १९९३ मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि सहकाऱ्यांनी काही लोकांना गार पाण्यात हात बुडवायला लावले. एकदा ६० सेकंद, १४ अंशांच्या पाण्यात. दुसऱ्यांदा तेच ६० सेकंद आणि वर आणखी ३० सेकंद, पण त्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात पाणी हळूहळू १५ अंशांवर आणलं. नंतर विचारलं, यातलं कुठलं पुन्हा कराल? ३२ पैकी २२ जणांनी दुसरं निवडलं, म्हणजे जास्त वेळ त्रास असलेलं! आपलं मन त्रासाची बेरीज करत नाही. सगळ्यात तीव्र क्षण आणि शेवट, एवढंच ते जपून ठेवतं. चार तास रांगेत गेले, पाय सुजले, तीनशे रुपयांची पाण्याची बाटली घेतली, हे सगळं पुसट होतं. संध्याकाळी फाटकाशी उभ्या असलेल्या माणसाने मोठ्या पांढऱ्या हातमोज्याने मुलीला टाटा केला, तेवढं राहतं. पार्कवाल्यांना हे चांगलं ठाऊक आहे, म्हणून तर तो माणूस तिथे उभा असतो.

मग हे नाटकच झालं की, असं कुणी म्हणेल. थोडं आहेच. डिस्नीत कर्मचाऱ्याला कर्मचारी म्हणतच नाहीत, नाटकातल्यासारखे 'कास्ट मेंबर' म्हणतात. अंगावरचे कपडे गणवेश नसून 'कॉस्च्यूम', पाहुण्यांसमोर असणं म्हणजे 'ऑनस्टेज'. आर्ली हॉकशिल्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये अशा कामाला नाव दिलं, 'भावनिक श्रम'. हमाल जसा पाठीने ओझं उचलतो, तसा हवाईसुंदरी किंवा पार्कातला मुलगा मनाने उचलतो. घरी आजारपण असो, भाडं थकलेलं असो, हसू आठ तास चेहऱ्यावर ठेवायचं. नुसतं ओठांवर ठेवलं तर चेहरा थकतो. खरंच मनात आणायचा प्रयत्न केला तर कधीकधी आपलं खरं कुठलं हेच कळेनासं होतं.

जॉन व्हॅन मानेन यांनी विद्यार्थी असताना डिस्नीलँडमध्ये काम केलं होतं आणि पुढे प्राध्यापक झाल्यावर त्यावर लिहिलं. त्यांनी सांगितलेल्या खोड्या वाचून मला फार बरं वाटलं. उद्धटपणे बोलणाऱ्या पाहुण्याचा सीटबेल्ट राईडवरची मुलं जरा जास्तच आवळायची. एखादी अरेरावी करणारी जोडी आली की चढायच्या ऐन वेळी अत्यंत निरागस चेहऱ्याने दोघांना वेगवेगळ्या डब्यांत बसवायची. हसू अर्थात तसंच.

या हसण्यामागचा हिशोबही बघायला हवा. २०१८ साली ऑक्सिडेंटल कॉलेजच्या अभ्यासकांच्या एका पाहणीत डिस्नीलँडमधल्या ७३ टक्के कामगारांनी सांगितलं की पगारातून महिन्याचा साधा खर्चही भागत नाही. पाहणीला पैसा कामगार संघटनांचा होता, हे सांगायला हवं. पण २०२४ च्या जुलैमध्ये त्याच पार्कातल्या सुमारे १४,००० कामगारांनी संपाची तयारी केली तेव्हा कंपनीला किमान मजुरी तासाला २४ डॉलरवर न्यावी लागली. ज्याच्या पॉपकॉर्नची आठवण आपण जपून ठेवतो तो रात्री कुठे झोपतो, हा प्रश्न त्या आठवणीच्या बाहेरचा नाही.

पाहुण्याला यात करता येण्यासारखी एक गोष्ट आहे. अमेरिकेतल्या डिस्नी पार्कांत प्रत्येकाच्या छातीवर बिल्ला असतो, त्यावर पहिलं नाव आणि गाव. नाव, गाव, वेळ आणि जागा टिपून कौतुकाचे चार शब्द पार्कच्या कचेरीत किंवा अ‍ॅपवर लिहिले की ते त्या माणसाच्या वरिष्ठापर्यंत पोचतात. तक्रार करायला आपण नाव लगेच विचारतो. कौतुक करताना "तो उंचसा मुलगा" एवढ्यावर भागवतो.

हे मी कुणाला सांगतोय? पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आम्ही सगळे मिळून मुंबईजवळच्या एका पार्कात गेलो होतो. आई दिवसभर बाकावर बसून आमच्या पिशव्या आणि चपला राखत होती. "मला नाही झेपत ते गरगरणं." संध्याकाळी आकाशपाळण्यावरच्या पोराने तिला पाहिलं आणि हाक मारली, "आजी, या हो, काही होत नाही, मी आहे ना." आश्चर्य म्हणजे आई उठली. पदर खोचला आणि एकटी जाऊन बसली. तिचा पाळणा वर गेला आणि अगदी टोकाला थांबला. वरून खाडी दिसते, त्यामागे सूर्य बुडत होता.

"त्याने माझ्यासाठी थांबवला," असं आई अजून सांगते. माझा भाचा इंजिनियर आहे. तो दर वेळी म्हणतो, "आजी, खाली लोक उतरत असतील, म्हणून थांबला असेल. थांबतोच तो."

"असेल," आई म्हणते. "पण मग त्याने खालून हात कशाला केला?"